दहावीचे इंग्रजी आणि इतिहास : गुण नेमके कुठे सांडतात

गणित-विज्ञानाला शिकवणी, इंग्रजीला गाइड आणि इतिहासाला पेपरच्या आधीचे दोन दिवस. दहावीच्या वर्षाची वाटणी बहुतेक घरांत अशीच होते. इंग्रजी आणि इतिहास हे दोन्ही विषय वाचून होतात असे वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. वाचताना सगळे ओळखीचे वाटते. कोरे पान समोर आले की पहिले वाक्य सुचत नाही. म्हणून खाली जे सांगितले आहे त्यातले बरेचसे हातात पेन घेऊन करायचे आहे.

राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाचा आराखडा गृहीत धरला आहे. इंग्रजी (तृतीय भाषा) लेखी ८० गुण, वेळ ३ तास, शिवाय २० गुण अंतर्गत. इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुण, वेळ २ तास. त्यांतले २८ इतिहासाचे, १२ राज्यशास्त्राचे. भूगोलाचे ४० आणि अंतर्गत २० धरून सामाजिक शास्त्रांचे १०० होतात. आपल्या वर्षीचा आराखडा शाळेतून एकदा पाहून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

इंग्रजी : निम्म्याहून जास्त पेपर समोर छापलेला असतो

बेरीज करून पाहा. पाठ्यपुस्तकातले दोन उतारे २० गुण, कवितेचा उतारा ५, न पाहिलेला उतारा १०, त्याचा सारांश ५, आणि तक्त्यावरून परिच्छेद किंवा परिच्छेदावरून तक्ता ५. हे ४५ गुण ज्या मजकुरावर आहेत तो प्रश्नपत्रिकेतच असतो. तरीही मुले धड्यांची प्रश्नोत्तरे पाठ करत बसतात.

उतारा सोडवायचा क्रम असा ठेवा. आधी कृती, म्हणजे उताऱ्यावरचे प्रश्न, वाचा, मग उतारा. कृतीतल्या ज्या शब्दावरून उत्तर सापडेल त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तो शब्द, किंवा त्याच अर्थाचा दुसरा, उताऱ्यात शोधा. उत्तर लिहिताना मात्र उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उचलू नका. प्रश्न ‘व्हाय’ने सुरू होत असेल तर उत्तरात ‘बिकॉज’ किंवा ‘टू’ यायलाच हवे. उताऱ्यात ‘आय’ आणि ‘माय’ असेल तर उत्तरात ‘ही’, ‘शी’ किंवा लेखकाचे नाव येईल. हे सर्वनाम बदलायचे राहिले की उत्तर बरोबर असूनही नुसती नक्कल दिसते.

व्याकरणातल्या चुकांचा उगम बऱ्याचदा आपल्या मराठीतच असतो, आणि तो कळला की चूक लवकर सुटते. दोन नमुने जवळून पाहू.

पहिला, ‘ही डिड नॉट वेंट’. मराठीत आपण ‘तो गेला नाही’ म्हणतो. भूतकाळ ‘गेला’मध्ये आहे, ‘नाही’ नुसते शेजारी बसते. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने उचललेले असते, म्हणून पुढचे क्रियापद मूळ रूपात परत येते: ‘ही डिड नॉट गो’. ‘डिड’ दिसला की पुढच्या क्रियापदावर बोट ठेवायचे, ही सवय लावून घ्या.

दुसरा, रिपोर्टेड स्पीच. ‘तो म्हणाला की मी थकलो आहे’ हे मराठीत शुद्ध वाक्य आहे. ‘मी’ तोच राहतो, काळही तोच राहतो. इंग्रजीत दोन्ही हलतात: ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’. मुले लिहितात ‘ही सेड दॅट आय ॲम टायर्ड’. मनात मराठी वाक्य उमटत असते आणि हात त्याचेच इंग्रजी करत असतो. म्हणून अशा वाक्याला तीन खुणा करा: माणूस बदलला का, काळ मागे गेला का, ‘टुडे’, ‘हिअर’ यांसारखे शब्द बदलले का.

वाक्यरूपांतराची तऱ्हा तीच. ‘अति’ या अर्थाचा ‘टू’ काढून ‘सो… दॅट’ करताना ‘ही इज टू टायर्ड टू वॉक’चे ‘ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक’ होते. इथे दोन गोष्टी विसरल्या जातात. नकार स्वतःहून घालायचा असतो, कारण तो ‘टू’च्या पोटात लपलेला असतो, आणि मूळ वाक्यात ‘वॉज’ असेल तर ‘कॅनॉट’च्या जागी ‘कुड नॉट’ येते. ‘ॲज सून ॲज’चे ‘नो सूनर’ करताना ‘दॅन’ऐवजी ‘व्हेन’ पडणे ही तिसरी नेहमीची चूक. असे प्रकार डझनभरच आहेत. रोज एका प्रकाराची सहा वाक्ये लिहिली तर दोन आठवड्यांत सगळ्यांवरून हात फिरतो.

कवितेच्या रसग्रहणाला ५ गुण आहेत आणि पेपरमधले इतके खात्रीचे गुण दुसरे नाहीत. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना हे मुद्दे ठरलेले असतात. प्रत्येक कवितेसाठी एक कार्ड करा: वर शीर्षक आणि कवीचे नाव स्पेलिंगसकट, खाली यमकरचना, एक अलंकार आणि तो ज्या ओळीत आहे ती ओळ, शेवटी मध्यवर्ती कल्पना स्वतःच्या तीन सोप्या वाक्यांत. यमक कानाने ठरवा, डोळ्याने नको. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांची शेवटची अक्षरे सारखी दिसतात, पण उच्चार जुळत नाही.

सारांश मूळ उताऱ्याच्या साधारण एक-तृतीयांश ठेवा. उदाहरणे, आकडे, कंसातला मजकूर आणि संवाद आधी पेन्सिलीने खोडा. जे उरते त्याची चार-पाच वाक्ये करा. शीर्षक लिहायला विसरू नका. बरीच मुले सारांशात स्वतःचे मत घालतात, ते तिथे नको.

पत्राचा साचा एकदा हातात बसला की बसला. औपचारिक पत्रात पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, ज्याला लिहायचे त्याचे पद आणि पत्ता, विषय, संबोधन, तीन छोटे परिच्छेद आणि शेवट, एवढे भाग असतात. पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि का लिहितो आहोत, दुसऱ्यात तपशील, तिसऱ्यात नेमकी मागणी. प्रश्नपत्रिकेत जाहिरात किंवा मुद्दे दिलेले असतील तर त्यांतला प्रत्येक मुद्दा पत्रात यायला हवा. लिहून झाल्यावर प्रश्नपत्रिकेतल्या मुद्द्यांवर एकेक टिकमार्क करत जा. आणि खाली आपले खरे नाव, शाळा किंवा गाव कधीही लिहू नका. प्रश्नात दिलेलेच नाव वापरा. बातमी लिहायला आली तर मथळा, ठिकाण आणि तारीख आलीच पाहिजे, आणि मजकूर भूतकाळात, तिऱ्हाइताच्या तोंडून. गोष्ट पूर्ण करायची असेल तर दिलेली सुरुवात न बदलता पुढे चला.

भाषांतराचे ५ गुण शब्द, वाक्ये आणि म्हण यांत वाटलेले असतात. म्हणीचा शब्दशः अनुवाद करू नका, त्याच अर्थाची मराठी म्हण द्या.

इतिहास : इथे राजे आणि लढाया नाहीत

दहावीच्या इतिहासाचे पुस्तक पहिल्यांदा उघडणारा गोंधळतो, कारण त्यात लढाया जवळजवळ नाहीत. इतिहास कसा लिहिला गेला, तो कुठे जपला जातो आणि कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन यांच्याशी त्याचे नाते काय, यावर नऊ पाठ आहेत. राज्यशास्त्राचे पाच. घोकंपट्टीची सवय असलेल्याला हे पुस्तक जड जाते. नावे भरपूर आहेत, पण ती एका गोष्टीत गुंफलेली नाहीत. गुंफण आपल्याला घालावी लागते.

सर्वांत जास्त पडझड पहिल्या दोन पाठांत होते. पाश्चात्त्य आणि भारतीय इतिहासकार, त्यांचे ग्रंथ, त्यांचे विचार. यासाठी तीन रकान्यांचा तक्ता करा: नाव, ग्रंथ किंवा संस्था, आणि विचार एका ओळीत. तिसरा रकाना गाळू नका, तोच पहिल्या दोघांना बांधून ठेवतो. रेने देकार्त याचा ‘डिस्कोर्स ऑन द मेथड’ घ्या. ‘मेथड’ म्हणजे पद्धत, आणि देकार्तची पद्धत अशी की खात्री पटल्याशिवाय एखादी गोष्ट खरी मानायची नाही. ग्रंथाचे नाव आणि विचार एकमेकांना लागून बसले. आता ‘चुकीची जोडी ओळखा’ या प्रश्नात हा ग्रंथ कार्ल मार्क्ससमोर टाकलेला दिसला तरी गडबड होणार नाही, कारण मार्क्स म्हटले की वर्गसंघर्ष आणि ‘दास कॅपिटल’. चुकीची जोडी नेहमी शेजारच्या ओळीतून उचललेली असते, हे लक्षात ठेवून तक्ता पाठ करताना एक रकाना हाताने झाका आणि उलटसुलट विचारा. जोडी फक्त ओळखायची आहे की दुरुस्त करून लिहायची आहे, हे सूचनेत वाचा. तयारी मात्र दुरुस्तीची करा.

सनावळ्यांचे ओझे वाटते तेवढे नाही. एका आडव्या रेषेवर इतक्या खुणा करा: १७८० भारतातले पहिले वृत्तपत्र ‘बेंगॉल गॅझेट’, १८३२ ‘दर्पण’, १८६१ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि त्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम, १९१० पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१३ ‘राजा हरिश्चंद्र’. राज्यशास्त्रासाठी दुसरी रेषा: १९८८ मतदानाचे वय २१ वरून १८ करणारी ६१वी घटनादुरुस्ती, १९९२ स्थानिक शासनसंस्थांना संविधानात स्थान देणाऱ्या ७३व्या व ७४व्या दुरुस्त्या, २००५ माहितीचा अधिकार. अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर लावा.

‘टीप लिहा’ला २ गुण असतात. चार-पाच वाक्ये पुरतात, पण पहिल्याच वाक्यात कोण, काय, केव्हा हे आले पाहिजे. ‘दर्पण’वरची टीप अशी सुरू होते: “बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेले ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र होय. त्यात मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांतील मजकूर असे.” यापुढे त्यातून मिळणारी त्या काळाची माहिती लिहा. “वृत्तपत्र हे समाजाचा आरसा आहे” असल्या वाक्याने सुरुवात केली तर दोन ओळी गेल्या आणि हाती काही लागले नाही.

‘सकारण स्पष्ट करा’ हा प्रकार सर्वांत जास्त बिघडतो. विधान समजा असे आहे: प्रसारमाध्यमांतून मिळणारी माहिती इतिहासासाठी तपासून घ्यावी लागते. कच्चे उत्तर असे असते: “प्रसारमाध्यमे महत्त्वाची आहेत. त्यांतून माहिती मिळते. पण ती खरी असेलच असे नाही. म्हणून ती तपासावी लागते.” विधानच चार वेळा फिरवून लिहिले आहे, कारण एकही नाही. पक्क्या उत्तरात तीन वेगळी कारणे असतात: बातमीमागे माध्यमाचे धोरण किंवा दृष्टिकोन असू शकतो, बातमी घाईत, अपुऱ्या पुराव्यावर दिलेली असू शकते, आणि पुरावाच बनावट असू शकतो. तिसऱ्या मुद्द्याला ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाचे उदाहरण जोडा. त्याने १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून रोजनिशा प्रसिद्ध केल्या आणि त्या बनावट निघाल्या. एका उदाहरणाने उत्तराचे वजन बदलते. तीन कारणे क्रमांक टाकून लिहा, तपासणाऱ्याला शोधायला लावू नका.

उताऱ्यावरचे ४ गुण फुकटात मिळण्यासारखे आहेत, पण त्यातला शेवटचा प्रश्न बहुधा उताऱ्याबाहेरचे थोडे मागतो. तिथे उताऱ्यातली ओळ उतरवली तर पुरत नाही. सविस्तर उत्तर ३ गुणांचे असते. अर्धे-पाऊण पान आणि पाच-सहा मुद्दे बस. दोन-दोन पाने भरणाऱ्यांचे राज्यशास्त्र अर्धे राहते. संकल्पनाचित्रात नुसते शब्द लिहू नका, चौकटींसकट आकृती उत्तरपत्रिकेत उतरवा.

राज्यशास्त्रात ‘चूक की बरोबर’ला कारणाशिवाय किंमत नाही. उत्तराचे पहिले वाक्य ‘हे विधान चूक आहे’ आणि दुसरे ‘कारण’पासून, अशी शिस्त ठेवा.

वह्या, तोंडी, प्रकल्प

गृहपाठ गाइडमधून उतरवला तर वही भरते, एवढेच. स्वाध्याय पुस्तक मिटून लिहा, मग पुस्तक उघडून लाल पेनने राहिलेले मुद्दे भरा. परीक्षेआधी फक्त लाल अक्षरे वाचली तरी चालते. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेसाठी रोज पाच मिनिटे मोठ्याने वाचन आणि एका चित्राचे पाच वाक्यांत वर्णन पुरे. इतिहासाच्या प्रकल्पात एखाद्या वृद्ध व्यक्तीची मुलाखत घेत असाल तर तारीख, ठिकाण आणि विचारलेले प्रश्न नोंदवा, आणि सांगितलेली एक तरी गोष्ट जुन्या छायाचित्राशी किंवा कागदाशी ताडून पाहा.

शेवटचे आठ आठवडे

पहिल्या पाच आठवड्यांत दर आठवड्याला इतिहासाचे दोन आणि राज्यशास्त्राचा एक पाठ. चौदा पाठ त्यात बसतात. इंग्रजीचे व्याकरण रोज वीस मिनिटे, लेखनकौशल्यातला एक प्रकार आठवड्यातून दोनदा. सहाव्या आठवड्यापासून दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर, एका रविवारी इंग्रजी, पुढच्या रविवारी इतिहास. सोडवलेला पेपर दुसऱ्या दिवशी तपासा, त्याच दिवशी नको. ताज्या डोळ्यांना चुका दिसतात.

वेळेची वाटणी घरीच ठरवा. इंग्रजीत भाषाभ्यास २० मिनिटे, पाठ्यपुस्तकातले उतारे ४०, कविता २०, न पाहिलेला उतारा आणि सारांश ३५, दोन्ही लेखन-प्रश्न मिळून ५०, भाषांतर १०. उरलेली ५ मिनिटे ‘एस’ आणि ‘ईडी’ विसरलेली क्रियापदे शोधायला. इतिहासाला ८० मिनिटे, राज्यशास्त्राला ३०, तपासायला १०. इतिहासाची ऐंशी मिनिटे संपली की हातातले उत्तर तिथेच थांबवा, खाली चार ओळींची जागा सोडा आणि प्रश्न ६ कडे, म्हणजे राज्यशास्त्राकडे, जा.

उत्तरांना क्रमांक देताना प्रश्नपत्रिकेतलाच क्रमांक लिहा, उपप्रश्नासकट. पर्यायातले प्रश्न जास्तीचे सोडवले असतील तर नको असलेले एका सरळ रेघेने खोडा. पुरवणी बांधताना पानांचा क्रम आणि त्यांवरचा बैठक क्रमांक पाहून मगच दोरा ओढा.