वॉर्डमधील हातांच्या स्वच्छतेचे निरीक्षण कसे करावे

डॉक्टर आणि परिचारिका नेमक्या गरजेच्या क्षणी हात स्वच्छ करतात की नाही, हे सॅनिटायझरच्या रिकाम्या बाटल्या मोजून कळत नाही. त्यासाठी प्रशिक्षित निरीक्षकाने वॉर्डमध्ये उभे राहून पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने असे पाच क्षण सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी (उदा. इंजेक्शन देण्यापूर्वी), रक्त किंवा शरीरद्रवाचा संपर्क संभवल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तू हाताळल्यानंतर.

एका वेळी सुमारे वीस मिनिटे निरीक्षण करावे आणि तीनपेक्षा अधिक व्यक्तींवर एकदम लक्ष ठेवू नये. हात स्वच्छ करण्याची प्रत्येक संधी, म्हणजे वरीलपैकी एखादा क्षण आल्याची वेळ, नोंदवावी, मग कृती झालेली असो वा नसो. झालेल्या कृतींना एकूण संधींनी भागून शंभराने गुणले की पालनाची टक्केवारी मिळते.

सर्वाधिक सावधगिरी हातमोज्यांबाबत हवी. हातमोजे घातले म्हणून संधी रद्द होत नाही. तेच मोजे घालून दुसऱ्या रुग्णाकडे जाणे ही माझ्या मते सर्वांत घातक सवय आहे. अल्कोहोलयुक्त द्रावणाने वीस ते तीस सेकंद हात चोळणे पुरेसे असते, मात्र हात दिसण्याइतके मळलेले असल्यास साबण-पाणीच वापरावे.

नोंदींमध्ये कर्मचाऱ्यांची नावे लिहू नयेत, केवळ व्यवसायगट लिहावा. निष्कर्ष त्याच आठवड्यात वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेसमोर ठेवावेत.