जस्ताचा साठा ड्रिलिंगने शोधताना या चुका टाळा

जस्त म्हटलं की आपल्याकडे राजस्थान आठवतं, आणि ते बरोबरच आहे. देशातला जस्ताचा बहुतेक साठा तिथेच आहे. पण नागपूर जिल्ह्यातल्या कोलारी परिसरातही, साकोली समूह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रोटेरोझोइक (अतिप्राचीन) खडकांत, जस्ताची खनिजं आहेत आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे बोअर घेऊन ती तपासली आहेत. सातपुड्यातल्या बैतूल पट्ट्यातही (मध्य प्रदेश) अशा जागा आहेत. हे पट्टे राजस्थानातल्या मोठ्या खाणींच्या मानाने छोटे, घड्या पडलेले आणि उष्णता-दाबाने पुरते बदललेले आहेत. इथे कोअरचा, म्हणजे बोअरमधून निघालेल्या खडकाच्या दांड्याचा, अर्थ चुकला तर चांगली जागा हातची जाते, नाहीतर नसलेला साठा कागदावर तयार होतो.

पहिल्यांदाच फील्डवर जाणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. प्रयोगशाळेतून आलेला जस्ताचा टक्का वाचण्याआधी ते जस्त कोणत्या खनिजात आहे हे बघा. ते न बघितल्यामुळेच यातल्या बऱ्याच चुका होतात.

वर जस्त सापडलं नाही म्हणून जागा सोडणं

जमिनीलगत हवा-पाण्याने सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त, खनिजं कुजतात. सोबत पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड, असेल तर आम्ल तयार होतं, जस्ताचं सल्फेट बनतं आणि ते पाण्यात विरघळून वाहून जातं. शिशाचं तसं होत नाही. त्याचं सल्फेट आणि कार्बोनेट पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून शिसं जागेवर राहतं. मागे उरतो तो लोहाच्या ऑक्साइडचा तांबूस-तपकिरी, सच्छिद्र खडक, म्हणजे गॉसन. गॉसनमध्ये शिसं भरपूर आणि जस्त नाममात्र असेल, तर खाली जस्त नाही असा निष्कर्ष काढू नका. राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यातला रामपुरा आगुचाचा जस्ताचा साठा १९७७ साली उजेडात आला तोही गॉसनच्या आधारानेच.

विदर्भात आणखी एक घोळ होतो, तो जांभ्याचा. जांभा आणि गॉसन लांबून सारखेच दिसतात. गॉसन फोडून पाहिला तर कुजून गेलेल्या सल्फाइडच्या कणांच्या रिकाम्या चौकटी भिंगाखाली दिसतात. शिसं, चांदी, आर्सेनिक यांचं विश्लेषण करून घेतलं की शंका बरीचशी फिटते.

डोलोमाइट किंवा चुनखडीच्या भागात याच्या नेमकं उलट घडतं. तिथे विरघळलेलं जस्त आम्ल शमल्यामुळे जवळच अडकतं आणि स्मिथसोनाइट, हेमिमॉर्फाइट अशी फिकट खनिजं बनतात. दिसायला ती कुजलेल्या खडकासारखी किंवा मातकट, म्हणून लॉगमध्ये, म्हणजे कोअरच्या नोंदवहीत, ‘झिजलेला डोलोमाइट’ अशी नोंद होऊन बॉक्स बंद होतो. तुकडा हातात घ्या. दिसतो त्याहून जड लागला तर जस्त ओळखणाऱ्या रसायनाचा फवारा मारा. जस्त असेल तिथे तांबडा-केशरी रंग चढतो.

विद्युत सर्वेक्षणाने दाखवलेल्या जागीच बोअर घेणं

स्फॅलेराइट हे जस्ताचं मुख्य धातुक, म्हणजे धातू मिळवायचं खनिज, पण ते विजेचं वाईट वाहक आहे. ग्राफाइट आणि पायरोटाइट (लोहाचं आणखी एक सल्फाइड) मात्र उत्तम वाहक. त्यामुळे नकाशावर सगळ्यात ठळक उठतो तो बऱ्याचदा ग्राफाइटी शिस्टचा, म्हणजे पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकाचा, पट्टा. तिथे बोअर घेतला की काळाकुट्ट कोअर मिळतो आणि जस्त मिळत नाही.

म्हणून ग्राफाइट दिसलं की पाठ फिरवावी, असंही नाही. रामपुरा आगुचाचा धातुक ग्राफाइटयुक्त खडकातच आहे. त्या पट्ट्याच्या कडेला काय आहे हे तपासायला हवं. गुरुत्वमापनाची जोड द्या, कारण स्फॅलेराइटची घनता ४ च्या आसपास आणि साध्या शिस्टची २.७ ते २.८ असते. साकोलीत टूर्मलिनाइटचे, म्हणजे टूर्मलिन या बोरॉनयुक्त खनिजाने भरलेल्या खडकाचे, काळे, बारीक कणांचे थर जस्ताच्या सोबतीला आढळतात. नकाशा करताना त्यांना क्षुल्लक समजून ‘काळा क्वार्टझाइट’ लिहिणं ही मला फार खटकणारी चूक आहे. समुद्रतळावर ज्या गरम द्रावांनी धातू आणले, त्यांच्यातच बोरॉनही होतं. हे थर त्याची खूण आहेत.

सगळं जस्त एकच समजणं

शुद्ध स्फॅलेराइटमध्ये ६७ टक्के जस्त असतं. लोह वाढलं की हा आकडा उतरतो आणि रंग मधासारख्या पिवळ्यापासून तपकिरी, मग काळा होत जातो. काळं स्फॅलेराइट बायोटाइट या काळ्या अभ्रकामध्ये लपतं. सुरीने ओरखडा काढला की फिकट पूड पडते आणि आम्लाचा थेंब टाकला की सडक्या अंड्यांचा वास येतो.

खरी गल्लत होते ती गाहनाइटमुळे. बैतूल पट्ट्यातल्या रूपांतरित खडकांत हे गडद हिरवं, काचेहून कितीतरी कठीण खनिज आढळतं. ते जस्त आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. वजनाच्या सुमारे ३५ टक्के जस्त. शोधासाठी गाहनाइट सोन्यासारखं आहे, कारण सहजी झिजत नाही, ओढ्याच्या वाळूत टिकतं आणि वर कुठेतरी जस्त आहे असं सांगतं. साठ्याच्या हिशोबात मात्र तेच फसवतं. तरणप्रक्रियेने, म्हणजे फेसावर तरंगवून, सल्फाइड वेगळं होतं, गाहनाइट मागे कचऱ्यात जातं. समजा एका नमुन्यात एकूण ४ टक्के जस्त आहे आणि त्यातलं १ टक्का गाहनाइटमध्ये आहे. तर उपयोगाचं फार तर ३ टक्के. त्यात गाहनाइट नेहमीच्या आम्लांत नीट विरघळत नाही, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत आणि दोष यंत्रांवर जातो. पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि एकूण जस्ताबरोबर सल्फाइडमधलं जस्त वेगळं मागवा.

कोअरमधली लांबी म्हणजे थराची जाडी नव्हे

थर ७० अंशांनी कललेला आहे आणि बोअर उभा घेतला, तर कोअरमधल्या १० मीटर धातुकाची खरी जाडी सुमारे ३.४ मीटर. तोच थर उलट्या दिशेने, जमिनीशी ५० अंशांचा कोन करणाऱ्या कलत्या बोअरने छेदला, तर १० मीटरमागे खरी जाडी ८.७ मीटर. ‘१० मीटर जस्त लागलं’ हे वाक्य कोन सांगितल्याशिवाय अर्थहीन आहे. बोअरही सरळ जात नाही. शिस्टमध्ये तो हळूहळू थराला काटकोनात वळू पाहतो. ठरावीक अंतरावर त्याचा कल आणि दिशा मोजली नाही, तर खोलवरचे छेद नकाशावर भलत्याच जागी पडतात.

घड्यांनी तर अनुभवी माणसंही चकतात. एका बोअरमध्ये ८० मीटरवर आणि १४० मीटरवर धातुक लागला, की दोन थर धरून साठा दुप्पट केला जातो. आधी दोन्हींच्या भोवतालच्या खडकांचा क्रम लिहून काढा. ज्वालामुखीशी निगडित साठ्यात गरम द्रावांनी बदललेला खडक मुख्यतः थराच्या मूळ तळाकडे असतो. मग तो क्लोराइट या खनिजाचा असो की पुढे रूपांतर होऊन त्यात अँथोफिलाइट, कॉर्डिएराइट ही खनिजं झालेली असोत. तो एका छेदात धातुकाच्या खाली आणि दुसऱ्यात वर असेल, तर तुम्ही बहुधा एकाच थराची घडी दोनदा छेदली आहे.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

स्फॅलेराइट ठिसूळ असतं. तुटक्या, मऊ भागात ते पाण्याबरोबर धुऊन जातं. म्हणून प्रत्येक रनमध्ये, म्हणजे ड्रिलच्या प्रत्येक फेरीत, किती कोअर हाती आला ते लिहा, आणि जिथे कमी आला तिथल्या टक्क्यावर विसंबू नका. सरासरी काढताना घनता धरा: एका मीटरमध्ये १२ टक्के जस्त आणि घनता ३.६, दुसऱ्यात २ टक्के आणि २.८, तर उत्तर ७ नाही, ७.६ येतं. ड्रिलच्या रॉडच्या आट्यांना लावायच्या काही ग्रीसमध्ये जस्ताची पूड असते, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर तर जस्ताचाच थर असतो. नमुन्यांशी दोन्हींचा संबंध येऊ देऊ नका, आणि प्रत्येक खेपेत जस्त नसलेला एक नमुना मुद्दाम पाठवा.

अर्धा कोअर प्रयोगशाळेत गेल्यावर उरलेला अर्धा टाकून देणं मात्र छोटी गोष्ट नाही. इंडियम, जर्मेनियम, गॅलियम आणि कॅडमियम स्फॅलेराइटच्या स्फटिकात जस्ताची जागा घेऊन बसतात, आणि ही चारही मूलद्रव्यं २०२३ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत आहेत. जुन्या बोअरच्या अहवालांत त्यांचे आकडे क्वचितच असतात. बॉक्सवर बोअरचा क्रमांक आणि खोली न पुसणाऱ्या रंगाने लिहिलेली असेल, तर तेवढ्यासाठी पुन्हा बोअर घ्यावा लागत नाही.