रोजगारसज्जतेवर लघुप्रबंध: साचा इंडोनेशियाचा, प्रश्नावली मराठवाड्याची

एम.ए., एम.कॉम., एम.एड.च्या रिसर्च प्रोजेक्टसाठी ‘विद्यार्थ्यांची रोजगारसज्जता’ हा विषय घेऊन संदर्भ शोधायला बसलं की इंडोनेशियाचे पेपर ढिगाने पुढे येतात. याला कारण आहे. तिथल्या ‘एसएमके’ म्हणजे दहावी ते बारावीच्या व्यावसायिक शाळा. त्या काढल्या नोकरीसाठीच, पण बेरोजगारीचा सर्वांत जास्त दर त्यांच्याच पदरी. ऑगस्ट 2024 मध्ये देशाचा दर 4.91 टक्के होता, एसएमके झालेल्यांचा 9.01. साहजिकच तिथले शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी पदवीच्या ‘स्क्रिप्सी’साठी, म्हणजे अखेरच्या प्रबंधासाठी, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा घेतात. 2023 च्या नियमाने स्क्रिप्सीला पर्याय दिला असला तरी ढीग आधीच साचलेला आहे.

या ढिगातून साचा जरूर घ्यावा. प्रश्नावली मात्र उचलू नये. बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात.

पेपर शोधणं आणि वाचणं

‘गरुडा’ हे तिथलं सरकारी पोर्टल आहे आणि ‘सिंता’ ही 2017 पासूनची मानांकन पद्धत. सिंतात नियतकालिकांच्या 1 ते 6 पातळ्या असतात. आधी 1 आणि 2 पाहा. 5-6 मधला पेपर घ्यायचाच असेल तर त्याची पद्धत स्वतः तपासून घ्या. एखादा इंग्रजी गोषवारा सापडला की त्याच्याजवळच दिलेले बहासातले (इंडोनेशियाच्या भाषेतले) बीजशब्द कॉपी करून नव्याने शोध घ्या. नुसत्या इंग्रजीत शोधलं तर बरंच साहित्य निसटतं. मजकुराला मशीन भाषांतर चालतं, पण तक्ते मूळ पीडीएफमध्येच वाचा, कारण तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब देतात. ‘0,361’ म्हणजे आपला 0.361, आणि ‘1.250’ म्हणजे साडेबाराशे. हे लक्षात न घेता आकडे उतरवले की मार्गदर्शक पहिल्याच तक्त्यावर बोट ठेवतात.

साचा ठरलेला असतो: दोन-तीन स्वतंत्र चलं, म्हणजे ज्यांचा परिणाम पाहायचा त्या गोष्टी (‘पीकेएल’ म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आत्मविश्वास, करिअर मार्गदर्शन), एक अवलंबी चल, म्हणजे ज्यावर परिणाम पाहायचा ते (कामाची सज्जता), पाच बिंदूंची (1 पूर्ण असहमत ते 5 पूर्ण सहमत) प्रश्नावली, बहुचल प्रतिगमन (रिग्रेशन) आणि पाच प्रकरणं. आपल्याकडे पीकेएलच्या जागी काय धरायचं हे आधी ठरवा. पदव्युत्तर वर्गांना ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) धरता येतं, आयटीआयला अप्रेंटिसशिप. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं शिकून बाहेर पडलेली असतात आणि त्यांना पात्रतेनुसार 6, 8 किंवा 10 हजार विद्यावेतन ठरलेलं आहे. तो वेगळा गट आहे. वर्गातल्या विद्यार्थ्यांत तो मिसळू नका.

पहिल्या प्रकरणातले आकडे

इंडोनेशियाचं ‘साकेर्नास’ सर्वेक्षण मागच्या आठवड्यात किमान एक तास काम केलेल्याला रोजगारात धरतं. आपल्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात, दोन मापं आहेत: 365 दिवसांची नेहमीची स्थिती आणि 7 दिवसांची चालू साप्ताहिक स्थिती. दोन्ही देशांचे आकडे शेजारी ठेवायचेच असतील तर आपला साप्ताहिक आकडा ठेवा. वर्षाचा आणि आठवड्याचा आकडा एका तक्त्यात आला की तुलना गेली. महाराष्ट्राचा आकडाही मराठवाड्याला चिकटवू नका. एनएसएसने (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने) राज्याचे सहा विभाग पाडले आहेत; त्यातला ‘इनलँड सेंट्रल’ म्हणजे आपला मराठवाडा. युनिट लेव्हल डेटा, म्हणजे सर्वेक्षणातल्या एकेका घराच्या नोंदी, उघडता येत असेल तर त्यावरून विभागाचा अंदाज काढता येतो. आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणारा मुलगा या सर्वेक्षणांत रोजगारात मोजला जातो, तुमच्या फॉर्मवर मात्र तो ‘बेरोजगार’वर खूण करतो. म्हणून शेतातल्या कामाचा रकाना वेगळा ठेवा.

प्रश्नावली

एकूण वेळेतला निम्मा वेळ इथे द्या. भाषांतरित प्रश्नावलीत ‘मी दिलेलं काम जबाबदारीने पूर्ण करतो’ अशी वाक्यं असतात. यावर ‘असहमत’ कोण लिहील? सगळे 4 नाहीतर 5 ला गोल करतात, उत्तरांत फरकच उरत नाही, मग प्रतिगमनात काही सापडत नाही. त्याऐवजी पाच-सहा प्रसंग द्या. उदाहरणार्थ: ‘वाळूजच्या कंपनीत तुम्हाला सेकंड शिफ्टला लावलंय. निघायच्या तासभर आधी कळलं की गावाकडची बस रद्द झाली. काय कराल?’ खाली चार पर्याय. कोणत्या पर्यायाला किती गुण, हे दोन अनुभवी सुपरवायझरांकडून आधीच ठरवून घ्या, फॉर्म गोळा झाल्यावर नाही.

नकारार्थी विधानं टाळा. ‘मला मुलाखतीची भीती वाटत नाही’ याला असहमत म्हणायचं तर मुलं गोंधळतात. ‘मला मुलाखतीची भीती वाटते’ असं उलट्या अर्थाचं विधान ठेवलंच तर त्याचे गुण उलटे करायला विसरू नका. अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचं माप) अचानक 0.4 वर आला तर दहापैकी नऊ वेळा हीच चूक निघते.

‘तुमची नोकरीची तयारी किती झाली?’ असं विचारलं की परभणी-हिंगोलीकडचा मुलगा पोलीस भरतीचं ग्राउंड आणि अभ्यासिका धरून उत्तर देतो. कंपनीतलं काम त्याच्या डोक्यातही नसतं. तेव्हा ‘सध्या कोणत्या परीक्षेचा किंवा भरतीचा अभ्यास चालू आहे?’ हा प्रश्न आधी आणि स्वतंत्र विचारा. पुण्याला किंवा बाहेर जायची इच्छा हाही वेगळाच प्रश्न. ही दोन चलं इंडोनेशियाच्या साच्यात तुम्हाला मिळणार नाहीत, आणि इथल्या निकालात सगळ्यांत जास्त फरक तीच पाडू शकतात.

सज्जता नुसती विद्यार्थ्याच्या तोंडून मोजू नका. जोडीला बाहेरचं एक माप घ्या. सगळ्यांत स्वस्त माप म्हणजे 20 मिनिटांत लिहून घेतलेला नोकरीचा अर्ज. पद आणि जाहिरात द्या, दोन जणांनी वेगवेगळे 10 पैकी गुण द्यावेत, आणि दोनपेक्षा जास्त फरक पडेल तिथे दोघांनी बसून ठरवावं. ओजेटीच्या मेंटरने दिलेले गुण मिळाले तर सोन्याहून पिवळं, पण काही ठिकाणी सगळ्यांना सरसकट सारखेच गुण दिलेले असतात. यादी आधी पाहून घ्या.

पूर्वचाचणीला 30 विद्यार्थी घ्या. ते मुख्य नमुन्यात नकोत. प्रश्न आणि एकूण गुण यांचा सहसंबंध काढताना एकूणातून तो प्रश्न वजा करा. तिथल्या पेपरांत सगळीकडे दिसणारा 0.361 हा कट-ऑफ (सहसंबंध याखाली गेला तर प्रश्न गाळतात) फक्त 30 जणांसाठी, 5 टक्के पातळीचा आहे. 40 जण घेतले तर तो 0.312 होतो. अल्फा 0.70 च्या वर हवा. हे सगळं ‘जामोवी’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं.

नमुना आणि फॉर्म भरून घेणं

इंडोनेशियात ‘स्लोविनचं सूत्र’ जिकडेतिकडे दिसतं: एकूण संख्या भागिले (1 + एकूण संख्या × चुकीच्या मर्यादेचा वर्ग). 400 विद्यार्थी आणि 0.05 मर्यादा धरली तर 200 येतात. पण हे सूत्र टक्केवारीच्या अंदाजासाठी आहे, तेही यादीतून यादृच्छिक निवड केली तरच. प्रतिगमनासाठी 50 + 8 × चलं हा ढोबळ नियम पाहा, आणि एकेका चलाचा परिणाम तपासायचा असेल तर 104 + चलं. तीन चलांना 107 होतात. त्यात 15-20 फॉर्म बाद जातील असं धरून चला. दोन कॉलेजांतले 200 घेण्यापेक्षा आठ कॉलेजांतले 25-25 केव्हाही बरे, कारण एका वर्गातली मुलं उत्तरांतही एकमेकांसारखीच असतात.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून मोकळं होऊ नका; तो भरतात हुशार आणि रिकामे. कागद वाटा, वर्गात 25 मिनिटं द्या आणि सरांना बाहेर थांबायची विनंती करा. सर समोर असले की सगळेच जबाबदार होतात. बीड, जालना पट्ट्यात दिवाळी ते मार्च ऊसतोडीमुळे काही मुलं वर्गात नसतात. त्या काळात सर्वेक्षण केलं तर नेमकी कामाचा अनुभव असलेली मुलं सुटतात. ऑगस्ट-सप्टेंबर बरा. 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या.

लिहिताना

एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणातून ‘ओजेटीमुळे सज्जता वाढली’ असं लिहिता येत नाही. ‘ओजेटी केलेल्यांत सज्जतेचे गुण जास्त आढळले’ एवढंच लिहा. तिथल्या पेपरांत ‘प्रभाव’ हा शब्द शीर्षकातच असतो, तो तसाच उचलला जातो. आर-वर्ग (चलांनी गुणांतला किती फरक उलगडला ते सांगणारा प्रतिगमनातला आकडा) 0.18 आला असेल तर 82 टक्के फरक तुमच्या चलांबाहेर आहे, हे चर्चेच्या प्रकरणात सरळ मांडा. गृहीतक ‘स्वीकारलं’ म्हणून विषय मिटवू नका.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत इतरांच्या लिखाणाशी साम्य चालतं. 10 ते 40 मध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं. बहासातून मशीनने मराठीत आणलेला परिच्छेद सॉफ्टवेअरला सापडत नाही, म्हणून तो तुमचा होत नाही. संदर्भ द्या.

परिशिष्टात कोरी प्रश्नावली, प्रसंगांच्या गुणांची किल्ली, पूर्वचाचणीचा तक्ता आणि प्रत्येक कॉलेजच्या परवानगीपत्राची सही-शिक्क्याची प्रत लावा. पत्र फॉर्म वाटायच्या दिवशीच घ्या. नंतर मागायला गेलात तर प्राचार्य बदललेले असतात.