विजेची दुचाकी घेताना नोंदणी, परवाना आणि विम्याची पूर्तता कशी करावी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागात विजेवर चालणारी दुचाकी विकताना "हिला पासिंग नको, लायसन्स नको" असे सर्रास सांगितले जाते. काही गाड्यांच्या बाबतीत ते खरे असते, पण पुढचे सगळे नियम त्या एका वाक्यावर अवलंबून असल्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी त्याची शहानिशा कागदावर करून घ्यावी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असलेली, योग्य ब्रेक व परावर्तक बसवलेली दुचाकी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरत नाही. या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि त्या पूर्ण होतात असे अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले असावे लागते. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था आहे. विक्रेत्याकडे त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यातील शक्ती, वेग व वजन यांचे आकडे स्वतः वाचावेत. प्रत मिळत नसेल तर ती गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच ठिकाणी एक फसगत होते. प्रमाणपत्र २५ च्या आतल्या वेगाचे असते, पण गाडी देताना "वेग वाढवून देतो" असे सांगून कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या भागात, बदल केला जातो. तो बदल होताच सवलत संपते आणि चालक नोंदणी व विमा नसलेले मोटार वाहन चालवत आहे, असा अर्थ होतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींसाठी गाडी घेणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण अल्पवयीन व्यक्तीने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ अन्वये पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

गाडी सवलतीत बसत नसेल तर नोंदणी ही पुढची पायरी. नवीन गाडीचा अर्ज नमुना २० मध्ये करावा लागतो, आणि त्यासोबत विक्रेत्याकडून विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ व रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ घ्यावा. बेळगावची गाडी केए २२, चिकोडी विभागाची केए २३, बैलहोंगलची केए २४ आणि गोकाकची केए ४९ मालिकेत येते. खासगी विजेरी गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पांढरी असतात. गाडी चालवण्यासाठी गिअर नसलेल्या मोटारसायकलचा परवाना लागतो आणि हेल्मेटही बंधनकारक आहे. पीयूसी मात्र लागत नाही. आधार कार्डावर बेळगाव आणि दुसऱ्या कागदावर बेळगावी, किंवा आडनावाची इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारची, असे आपल्याकडे नेहमी घडते. ते अर्जापूर्वीच एकसारखे करून घेतल्यास हेलपाटे वाचतात.

सीमाभागाचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. निपाणीच्या माणसाला कोल्हापूरचे शोरूम जवळचे वाटते. तिथे खरेदी करायला हरकत नाही, पण कायम नोंदणी आपण राहतो किंवा गाडी ठेवतो त्या राज्यात व्हावी लागते. म्हणून कोल्हापुरात तात्पुरती नोंदणी करून घ्यावी आणि मुदतीच्या आत चिकोडीला कायम नोंदणी करावी. नातेवाइकाच्या पत्त्यावर एमएच ०९ क्रमांक घेण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण खोटा पत्ता पुढे विम्याच्या दाव्यातही अडचणीचा ठरू शकतो. परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ कर्नाटकात ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला क्रमांक घ्यावा लागतो. चंदगड किंवा शिनोळीहून बेळगावात रोज कामाला येऊन संध्याकाळी परतणाऱ्याची गाडी मात्र महाराष्ट्रातच ठेवलेली असते, त्यामुळे त्याने या कलमाची धास्ती घेऊ नये.

विमा घेताना प्रथम गाडीच्या मोटरची किलोवॅटमधील शक्ती पाहावी, कारण थर्ड पार्टी विम्याचा हप्ता तिच्यावर ठरतो. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ३ किलोवॅटपर्यंत २,४६६ रुपये आणि ३ ते ७ किलोवॅटसाठी ३,२७३ रुपये असा हा पाच वर्षांचा हप्ता आहे. वस्तू व सेवा कर वेगळा. हे दर सरकार ठरवते, त्यामुळे खरेदीच्या दिवशी लागू असलेला दर विचारून घ्यावा. थर्ड पार्टी विमा समोरच्या माणसाचे नुकसान भरतो, आपली गाडी जळाली, चोरीला गेली किंवा पुरात बुडाली तर एक पैसाही देत नाही. विजेरी गाडीत बॅटरी हाच सर्वांत महागडा भाग असल्याने स्वतःच्या नुकसानीचा विमाही घ्यावा, आणि बॅटरी, चार्जर व पाणी शिरून होणारे नुकसान यांविषयी पॉलिसीत काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी वाचावे. बेळगाव-खानापूरच्या पावसात हे शेवटचे कलम कामी येते. याशिवाय परवानाधारक मालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते आधीच असल्यास तसे कळवावे.

कोल्हापूरची जुनी गाडी घेत असाल तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणानंतर ३० दिवसांत आपल्या आरटीओला कळवावे, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर स्वतःच्या नुकसानीचा दावा बहुधा नाकारला जातो.

अपघात झाल्यास जखमीला प्रथम उपचार मिळवून द्यावेत, पोलिसांना खबर द्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघात कागलजवळ झाला म्हणून जखमीला महाराष्ट्रातच खेटे घालावे लागत नाहीत. कलम १६६ नुसार भरपाईचा अर्ज अर्जदार राहतो त्या भागातील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातही करता येतो. त्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे, म्हणून एफआयआरची प्रत, उपचारांची बिले आणि दोन्ही गाड्यांच्या पॉलिसींचे क्रमांक पहिल्या आठवड्यातच गोळा करून ठेवावेत.