बांधाच्या पायथ्याशी येणारा गढूळ पाझर : माझा अनुभव

नौकाविहाराच्या लहान तलावाच्या मातीच्या बांधाला कोरड्या बाजूच्या पायथ्याशी, निचऱ्याच्या नळाजवळ, ओल धरली होती. पाझर थोडा होता, पण गढूळ. स्वच्छ पाझर मातीच्या बांधात अपेक्षितच असतो, मात्र गढूळ पाझर म्हणजे आतली माती वाहून जात आहे आणि पोकळी मागे मागे तलावाकडे सरकत आहे.

ओल्या जागेवर चिकणमाती ठोकून पाहिली. पाणी अडले, दाब वाढला आणि पाझर शेजारून फुटला. तलावाच्या बाजूने बेंटोनाइट (पाण्याने फुगून भेगा बुजवणारी चिकणमाती) पसरूनही फरक पडला नाही. फार वैताग आला.

अखेर धरण-अभियंत्याच्या देखरेखीखाली पाझर न अडवता गाळून बाहेर काढला. प्रथम पाण्याची पातळी दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरणार नाही अशा बेताने कमी केली, कारण घाई केल्यास भिजलेला आतला उतार घसरतो. मग पायथ्यावरील गवत व मुळे काढून, नळाभोवती सर्व बाजूंनी, धुतलेल्या भरड वाळूचा सुमारे ३० सेंटिमीटर थर दिला, त्यावर बारीक खडी, तिच्यात उताराने बाहेर जाणारा सच्छिद्र पाइप आणि सर्वांत वर वजनासाठी मोठे दगड. हा क्रम उलटला तर खडीतून माती निसटते. पाइपच्या तोंडाशी प्रवाह मोजण्यासाठी ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेची पट्टी बसवली आणि तलाव टप्प्याटप्प्याने भरला.

पाझर आजही आहे, पण नितळ. पातळी तीच असताना खाचेतला प्रवाह वाढला किंवा पाणी गढूळले, तर तलाव पुन्हा उतरवायचा, असे ठरले आहे.