फेवा तालाला जाताय? मग या चुका टाळा

बेळगावातून नेपाळला जाणारी मंडळी आता खूप झाली आहेत. कुणी पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करायला जातं, कुणी मुलांना हिमालय दाखवायला. पोखऱ्याचा फेवा ताल प्रत्येकाच्या यादीत असतोच, कारण त्या पाण्यामागे उभा असलेला माछापुच्छ्रे सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. आणि परत आल्यावर बरेच जण सांगतात, "तलाव छान होता हो, पण डोंगर काय दिसला नाही." बेळगावातल्याच वडगाव-शहापूरच्या ओळखीच्या लोकांना घेऊन मी गेली बारा वर्षं तिकडे जातोय. हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. एवढा पैसा, एवढा प्रवास, आणि ज्यासाठी गेलो तेच राहिलं.

एका रात्रीत पोखरा उरकणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मीही केलेली आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही चौदा जण होतो. गोरखपूरहून सोनौली, तिथून बुटवल, पाल्पा करत सिद्धार्थ राजमार्गाने पोखरा. नकाशावर हे अंतर थोडं दिसतं, पण सगळा रस्ता वळणांचा. आपला चोर्ला घाट दिवसभर संपलाच नाही तर कसं होईल, तसं. हॉटेलवर पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी काठमांडूची गाडी ठरलेली.

सकाळी गरम पाण्यासाठी रांग लागली. मग अंघोळी, मग कुणाची पूजा, मग उप्पीट-चहा. तलावाच्या काठावर आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. उत्तरेकडे नुसता पांढरा ढग. आमच्यात वडगावच्या एक काकी होत्या. मागासाठी कांड्या भरून त्यांनी या सहलीचे पैसे साठवले होते. त्यांनी विचारलं, "डोंगर कुठं दिसूलाय रे?" मी ढगाकडे हात केला. काकींनी पदर डोक्यावर घेतला, त्या ढगालाच हात जोडले आणि गाडीत जाऊन बसल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण ते मला आजही सलतं.

यामागचं कारण साधं आहे. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, म्हणून पहाटे शिखरं मोकळी असतात. ऊन चढलं की खोऱ्यातली दमट हवा तापून डोंगराच्या अंगाने वर सरकते आणि तिचे ढग होतात. दुपारकडे वाराही सुटतो, म्हणजे पाण्यातलं प्रतिबिंबही गेलं. उजाडण्याआधी अर्धा तास काठावर हजर राहायचं. अंघोळ, पूजा, नाश्ता सगळं नंतर. माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी हे निघण्याआधीच सांगतो, आणि ज्यांना पटत नाही त्यांनी दुसऱ्या कुणाबरोबर जावं असंही सांगतो.

आणि पोखऱ्यात तीन रात्री ठेवा. काकींना मी तीन वर्षांनी पुन्हा नेलं. पहिल्या दोन सकाळी धुकं. तिसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला टोकावर तांबूस उजेड पडला आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळा डोंगर उघडा झाला. दोनच रात्री ठेवल्या असत्या तर काकी पुन्हा तशाच परतल्या असत्या. 'सात दिवसांत अख्खं नेपाळ' असली पॅकेजं घेऊ नका. तेवढ्या दिवसांत बसची खिडकी बघून होते.

मे महिन्यात जाणं

आपल्याकडे शाळांना एप्रिल-मेमध्ये सुट्टी, म्हणून सगळे तेव्हाच निघतात. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे जंगलांतल्या वणव्यांचा धूर खोऱ्यात साचतो, त्यानंतर पावसाची ढगाळ हवा सुरू होते. पोखऱ्याजवळचं लुम्ले हे नेपाळमधल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. दसऱ्याची सुट्टी धरा. पाऊस ओसरलेला, हवा धुतलेली. त्याच दिवसांत नेपाळमध्ये दशैं असतो आणि अख्खा देश आपापल्या गावाला निघालेला असतो, म्हणून बसची आणि खोल्यांची सोय आधीच करून ठेवा. ते जमत नसेल तर दिवाळीनंतर जा.

फक्त आधार कार्ड घेऊन निघणं

व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असं लोकांनी धरून ठेवलंय. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा वोटिंग कार्ड हवं. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना. ओळखीचं एक जोडपं, ६२ आणि ५७ वयाचं, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीला गेलं. दोघांकडे फक्त आधार. वोटिंग कार्डं बेळगावात कपाटात. मुलाने फोनवर फोटो पाठवला, तो कुणी बघितलाही नाही. काठमांडूचं विमान गेलं आणि दोघं दिल्लीहून घरी परतली. रस्त्याने जातानाही मूळ कार्ड जवळ ठेवा. आणखी एक, आपल्या भागात नाव मराठीतून कन्नडात आणि तिथून इंग्रजीत जातं, त्यामुळे एका कार्डावर चव्हाण तर दुसऱ्यावर चौहान असं होतं. तिकिटावरचं नाव, जे कार्ड बरोबर नेणार त्याच कार्डावरून अक्षरन् अक्षर उतरवा.

चुकीच्या काठावर थांबणं

हॉटेलं सगळी लेकसाइडला, म्हणजे तलावाच्या पूर्वेला. डोंगर उत्तरेला. त्यामुळे लेकसाइडच्या बाकावर बसून फोटोतलं प्रतिबिंब शोधणारे निराश होतात. त्यासाठी नाव करून दक्षिणेच्या अनदू बाजूला जायचं, तिथून वळून बघायचं. पाणी स्थिर असेल तर डोंगर पाण्यातही दिसतो. तिथूनच शांती स्तूपाची पायवाट चढते. साधारण तासाची चढण आहे, पण वर गेल्यावर खाली तलाव आणि समोर अन्नपूर्णेची सगळी रांग. गाडीने वर जाता येतं. पाय धड असतील तर चालत जा, झाडांतून वर येता येता एकदम समोर शिखर उघडतं, ते गाडीत बसून मिळत नाही. सारंगकोटच्या टेकडीवरचा सूर्योदय सुंदरच आहे, पण तो बघितला म्हणजे तलावावरची सकाळ झाली असं समजू नका.

माशाची शेपटी शोधू नका. माछापुच्छ्रे म्हणजे माशाचं शेपूट हे खरं, पण दोन टोकं दिसतात ती पश्चिमेकडून. पोखऱ्यातून तो एकच टोकदार सुळका दिसतो. "हा तो नव्हेच" म्हणून वाद घालणारे मी बघितलेत.

जाड लोकरी कपड्यांनी बॅग भरू नका. फेवा ताल ७४२ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या बेळगावच्याच उंचीवर, आणि काठावर बर्फ नसतं. एक स्वेटर बास. खरं नवल हे की तेवढ्याच उंचीवर उभं राहून तीस किलोमीटरच्या आतलं ६९९३ मीटरचं शिखर दिसतं. सव्वासहा किलोमीटरची ती भिंत मान वर करूनच बघावी लागते.

"त्याच्यावर चढायला किती दिवस लागतात?" असं नावाड्याला विचारू नका. तिथले लोक त्याला महादेवाचा डोंगर मानतात. १९५७ साली एक ब्रिटिश तुकडी शिखराच्या अगदी जवळ जाऊन, माथ्यावर पाय न ठेवता परतली, आणि आता चढाईला परवानगीच नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर चप्पल घालून कुणी देवळात शिरलं तर आपल्याला जसं वाटेल, तसंच ते.

शनिवारी ताल बाराहीला जाऊ नका. नेपाळची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, बेटावरच्या देवळाला मोठी गर्दी असते.

नावेत लाइफ जॅकेट काढून फोटो काढू नका.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. शंभराच्या नोटा जवळ ठेवा, भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६० हा दर कायम आहे. फोनवरून पैसे देता येतील यावर विसंबू नका, नावाड्याला रोखच लागते. नावेचं भाडं तिकीट खिडकीवरच्या फलकावर लिहिलेलं असतं ते वाचा, आणि पहाटेची नाव हवी असेल तर आदल्या संध्याकाळी नावाड्याशी बोलून ठेवा. तो हो म्हणाला की आपण साडेपाचला घाटावर उभं राहायचं.