अडीच इंची पट्ट्यांची गोधडी : आधी शिवण, मग कात्री

क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली गोधडी, शिवायला प्रथमच बसणाऱ्या माणसासाठी अडीच इंच रुंदीच्या तयार पट्ट्यांची गुंडाळी ही फार सोयीची वस्तू आहे, कारण एकमेकांना शोभणारी कापडे निवडणे आणि ती सरळ कापणे ही दोन्ही वेळखाऊ कामे तिच्यात आधीच झालेली असतात. अमेरिकेतील मोडा या कंपनीने अशा गुंडाळीला ‘जेली रोल’ हे नाव दिले आणि ते इतके रुळले की इतरांच्या गुंडाळ्याही बोलण्यात त्याच नावाने ओळखल्या जातात. एका गुंडाळीत साधारणपणे ४० ते ४२ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टी कापडाच्या पन्ह्याइतकी, म्हणजे ४२ ते ४४ इंच लांब असते. येथे ४२ पट्ट्यांपासून ४८ इंच रुंद आणि ६० इंच लांब गोधडी कशी करावी, हे सांगितले आहे. त्यासाठी ‘रेल फेन्स’ या नावाने प्रसिद्ध असलेली मांडणी घेतली आहे. तीन पट्ट्या लांब कडेला कड लावून जोडायच्या, त्या जोडाचे चौकोन कापायचे आणि ते एक आडव्या पट्ट्यांचा, एक उभ्या पट्ट्यांचा असे मांडत जायचे, एवढीच तिची रीत आहे. शेजारच्या दोन चौकोनांतील आतल्या शिवणी तिच्यात कोठेही समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे त्या जुळवण्याची चिंता उरत नाही, आणि नवख्या हातासाठी मी हीच मांडणी सर्वांत योग्य मानते.

विकतची गुंडाळी बहुधा आयात केलेली आणि म्हणून महाग असते. ती घेतलीच पाहिजे असे मुळीच नाही. मराठी घरांतील कपाटांत ओटीत आलेले ब्लाउजपीस साठलेले असतात. त्यांतील शुद्ध सुती निवडून त्यांच्या लांबीच्या दिशेने अडीच इंची पट्ट्या कापल्या, तर काम तितकेच चांगले होते. मात्र या पट्ट्या आखूड असतात, त्यामुळे एका जोडातून सहाऐवजी चार किंवा पाचच चौकोन निघतील हे गृहीत धरून पट्ट्या अधिक घ्याव्यात. टेरिकॉट आणि सुती कापड एकाच गोधडीत मिसळू नये, कारण दोहोंना लागणारी इस्त्रीची उष्णता वेगळी असते आणि धुतल्यावर सुती कापड आटते, टेरिकॉट जवळजवळ आटत नाही. घरचे कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे. विकतची गुंडाळी मात्र शिवण्यापूर्वी कधीही धुऊ नये. अरुंद पट्ट्यांच्या कडा उसवतात, दोरे एकमेकांत गुंततात आणि रुंदी सारखी राहत नाही. लाल, गर्द निळा अशा रंगांची शंका आल्यास पांढरा सुती रुमाल ओला करून पट्टीवर दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर ती पट्टी या कामातून सरळ वगळावी.

शिवण्याआधी सर्व पट्ट्या जमिनीवर पसराव्यात आणि गडद, मध्यम व फिकट असे चौदा-चौदाचे तीन ढीग करावेत. येथे रंगापेक्षा रंगाची गडदता महत्त्वाची आहे. पिवळा आणि फिकट गुलाबी हे डोळ्यांना वेगळे दिसले, तरी गडदतेत सारखे असू शकतात, आणि तसे असल्यास गोधडीत त्यांची सीमा लांबून दिसत नाही. मोबाइलने पट्ट्यांचे छायाचित्र घेऊन ते कृष्णधवल करून पाहिले की ही वाटणी चटकन आणि बिनचूक होते. प्रत्येक ढिगातील एक अशा तीन पट्ट्यांचा एक संच करावा. असे चौदा संच होतात.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. क्विल्टमधील प्रत्येक टीप कडेपासून पाव इंचावर असते, आणि सारे माप त्या पाव इंचावर उभे असते. टेलरकडे कपडे शिवताना आपण अर्धा-पाऊण इंच शिलाई सोडतो आणि थोडेफार कमी-जास्त झाले तरी कपडा अंगावर बसतो. येथे मात्र तशी सूट नाही. टीप अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, आत गेली, तर दोन्ही पट्ट्यांतून मिळून एका टिपेमागे एक सूत कापड जास्त खाल्ले जाते. तीन पट्ट्यांच्या संचात दोन टिपा असल्याने संच पाव इंचाने अरुंद होतो. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी टाकाऊ कापडाच्या अडीच इंच रुंद, वीतभर लांब अशा तीन पट्ट्या जोडून, इस्त्री करून मोजाव्यात. मधली पट्टी बरोबर दोन इंच आणि पूर्ण रुंदी साडेसहा इंच भरली पाहिजे. ती कमी भरली, तर टीप किंचित कडेकडे सरकवावी. घडीच्या जागी थोडे कापड जातेच, त्यामुळे टीप पाव इंचाहून एका दोऱ्याइतकी कमी घेतली की माप जुळते. योग्य जागा सापडली की मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावून खूण करावी आणि पुढे नजर सुईकडे न ठेवता त्या खुणेकडे ठेवावी. घरातील साध्या पायमशीनवरही हे काम उत्तम होते, कारण लागते ती फक्त सरळ टीप. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा, दोरा सुती आणि सुई नवी असावी.

विकतच्या काही गुंडाळ्यांतील पट्ट्यांच्या कडा नागमोडी कातरलेल्या असतात. त्या पट्ट्यांचे अडीच इंच बहुधा दातऱ्यांच्या बाहेरच्या टोकांपासून मोजलेले असतात. तरी फूटपट्टीने एकदा खात्री करून घ्यावी आणि पूर्ण काम त्याच रेषेपासून करावे.

गडद आणि मध्यम पट्टी सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून शिवावी. कापड हाताने ओढू नये, मशीनच्या दातांना ते स्वतःहून नेऊ द्यावे. एक जोडी संपली की दोरा न तोडता लगेच दुसरी जोडी सुईखाली द्यावी, म्हणजे चौदाही जोड्या साखळीसारख्या एकामागोमाग निघतात आणि दोराही वाचतो. त्यानंतर फिकट पट्टी जोडताना शिवणीची दिशा उलटी करावी, म्हणजे पहिली टीप ज्या टोकाला संपली तेथून दुसरी सुरू करावी. सर्व टिपा एकाच दिशेने घातल्या तर लांब संच धनुष्यासारखा वाकतो, आणि एकदा वाकलेला संच इस्त्रीने पूर्ण सरळ होत नाही. इस्त्रीही फिरवायची नसून उचलून ठेवायची असते: आधी टीप मिटलेल्या स्थितीतच दाबावी, मग उघडून शिलाई गडद बाजूकडे वळवून पुन्हा दाबावी. ही दुहेरी इस्त्री कंटाळवाणी वाटली तरी सोडू नये. गोधडी सपाट बसणे तिच्यावरच अवलंबून असते.

आता संच मोजावेत, आणि हे मोजल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये. संच साडेसहा इंच भरत असेल तर चौकोन साडेसहा इंचाचे कापावेत. पण सगळे संच सव्वासहा भरत असतील तर चौकोनही सव्वासहाचेच कापावेत. पुस्तकी मापाला चिकटून राहिल्यास तुकडे चौकोनी न होता किंचित लांबट होतात आणि आडवा तुकडा उभ्याशेजारी ठेवताच कडा जुळेनाशा होतात. आपल्या हाताने आलेले माप सर्वत्र सारखे असले की पुरे. गोधडी दोन इंचांनी लहान झाली तरी बिघडत नाही. प्रत्येक संचाचे एक टोक काटकोनात साफ करून त्यातून सहा चौकोन काढावेत. चौदा संचांतून ८४ चौकोन होतात. आपल्याला ८० हवेत, उरलेल्यांपैकी एक धुऊन रंग आणि आटणे तपासायला वापरावा. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली गोल पात्याचा कटर आणला आणि असे काप अतिशय सोपे झाले. तो नसल्यास खडूने रेघ आखून धारदार कात्रीने कापावे. आधी लांब शिवून नंतर आडवे कापण्याची ही युक्ती फार मोलाची आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडातील सेमिनोल या आदिवासी समाजातील स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हातमशीनवर रंगीत पट्ट्या जोडून, त्या आडव्या कापून आणि पुन्हा सरकवून जोडून जी बारीक नक्षी साधली, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. सुटे बारीक तुकडे एकेक जोडत बसण्यापेक्षा याने वेग येतो आणि अचूकताही वाढते.

चौकोन जमिनीवर किंवा पलंगावर एका ओळीत आठ अशा दहा ओळींत मांडावेत. आडव्या चौकोनात गडद पट्टी नेहमी वर आणि उभ्या चौकोनात नेहमी डावीकडे ठेवली, की गडद पट्ट्या एकमेकींना लागून डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या पायऱ्या दिसू लागतात. एक जरी चौकोन उलटा फिरला तरी पायरी तुटते, म्हणून शिवण्यापूर्वी छायाचित्र घेऊन तपासावे आणि प्रत्येक ओळीला क्रमांकाची चिठ्ठी टाचावी. आधी ओळी शिवाव्यात. विषम ओळींच्या शिलाया डावीकडे आणि सम ओळींच्या उजवीकडे दाबल्या, तर ओळी जोडताना त्या एकमेकींत घट्ट बसतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात.

अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे, म्हणजे ५६ बाय ६८ इंच हवे. ४४ इंच पन्ह्याचे सव्वातीन मीटर सुती कापड धुऊन, त्याचे ५६ इंचांचे दोन तुकडे ५६ इंची कडेने जोडून जास्तीचे कापले की ते तयार होते. मधल्या थरासाठी बाजारात वॅडिंग, म्हणजे भरावाचा तयार मऊ थर, मिळतो, पण महाराष्ट्राच्या हवेत जुन्या सुती साड्यांचे दोन-तीन थर मला अधिक पसंत आहेत. ते मऊ असतात, धुण्याला टिकतात आणि हातशिलाईत सुई त्यांतून सहज जाते. साडीचा पन्हा अपुरा पडतो तेथे दोन तुकडे कडेला कड लावून ठेवावेत, एकावर एक चढवू नयेत, नाहीतर तेथे उंचवटा राहतो.

अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर ताणावे आणि चिकटपट्टीने पक्के करावे. त्यावर मधले थर, त्यावर शिवलेला भाग पसरून मध्यापासून बाहेर दर चार इंचांवर सेफ्टी पिना लावाव्यात किंवा कच्चे टाके घालावेत. घरोघरच्या गोधडीत सगळे थर एकत्र धरणारा धावदोरा पुष्कळदा कडेपासून सुरू होऊन चौकटीच्या ओळींनी मध्याकडे जातो, आणि ती रीत दिसायला देखणी आहे. परंतु येथे वरचा भाग २४० तुकड्यांचा असल्याने तो थोडा ताणतो, आणि कडेपासून शिवत गेल्यास ताणलेले कापड मध्यभागी गोळा होऊ शकते. म्हणून निदान पहिल्या गोधडीत मध्यापासून कडांकडे जावे. प्रत्येक शिवणीच्या शेजारून ओळ घेतली, तर ओळींत दोन इंचांचे अंतर आपोआप येते. दोरा जाड सुती आणि हातभर लांबीचाच घ्यावा. लांब दोरा गुंततो आणि झिजतो.

धावदोरा पूर्ण झाल्यावर जास्तीचे थर कापून कडा सरळ कराव्यात आणि त्या झाकणाऱ्या पट्टीचा गोट लावावा. त्यासाठी ४२ इंच लांब अशा आणखी सहा अडीच इंची पट्ट्या तिरक्या शिवणीने जोडून, लांबीने दुमडून इस्त्री करावी. उघड्या कडा गोधडीच्या पुढच्या बाजूने तिच्या कडेला लावून पाव इंचावर टीप घालावी. सुरुवातीला वीतभर पट्टी मोकळी सोडावी, म्हणजे शेवटी दोन्ही टोके नीट जोडता येतात. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी प्रथम सरळ वर व मग खाली दुमडून पुढची बाजू सुरू केली, की कोपरा टोकदार होतो. मग दुमड मागे वळवून बारीक तुरपाई करावी. घाईने मशीन चालवण्यापेक्षा येथे हातानेच शिवावे, कारण सर्वांत आधी झिजतो तो गोटच. पहिली धुलाई थंड पाण्यात, सौम्य साबणाने आणि एकट्या गोधडीचीच करावी, पिळू नये, आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी.